तिसऱ्या विमानातला डबा

रेखांशाचा शेवटचा आकडा हलत होता. चारवरून पाच, पाचवरून पुन्हा चार, मग बराच वेळ चारच. त्या आकड्यात एकाचा फरक म्हणजे जमिनीवर दोन मीटरहूनही कमी. टेबल हललेलं नव्हतं, टेबलावरचा डबा हललेला नव्हता, आणि हँगरच्या पत्र्यावर बसवलेली अँटेनाही जागच्या जागी होती. एवढी थरथर चांगल्या जीपीएसलाही असते. नसती तर मला उलट संशय आला असता.

"हलून राह्यला काय अजून?" देवराव ठवकर मागून म्हणाले. हँगरमधले सगळ्यात जुने मेकॅनिक. हातात चहाचे दोन ग्लास.

"हलतोय. पण हलायला हवा तेवढाच."

"म्हंजे बिघडला नाई."

"म्हणजे आत्ता बिघडलेला नाही."

"मॅडम, तुमचं हे 'आत्ता' लय बेकार हाय. माणसाले काई धड समजूच देत नाई."

त्यांनी ग्लास डब्यापासून लांब ठेवला. टेबलावर सांडलेलं मला चालत नाही हे त्यांना माहीत होतं.

या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. मी तेव्हा वर्धा नदीच्या पश्चिमेला, कपाशीच्या काळ्या रानात असलेल्या एका फ्लाइंग स्कूलमध्ये नोकरीला होते. भौतिकशास्त्रात एम.एस्सी. केल्यावर विमानाच्या देखभालीचा परवाना काढला होता आणि विमानांमधली रेडिओ, दिशा, जागा दाखवणारी सगळी यंत्रं माझ्याकडे होती. शिकाऊ वैमानिकांसाठी पाच छोटी विमानं. पाचांतही एकाच कंपनीचं जीपीएस. त्या वर्षी माघात दिल्लीहून आदेश आला की ठरावीक क्रमांकांमधली सगळी युनिटं काढायची, कंपनीला परत पाठवायची आणि बदली आलेली बसवायची. सक्तीचा आदेश. त्याशिवाय विमान उडवायचं नाही.

दोषाचं वर्णन कंपनीनेच दिलं होतं. काही वेळा युनिट जुनीच जागा धरून बसतं आणि तीच आत्ताची म्हणून दाखवतं. पडद्यावर सूचना येत नाही, दिवा लागत नाही. आपण चुकतोय हे युनिटला कळत नाही.

मी हे देवरावांना वाचून दाखवलं तेव्हा ते म्हणाले होते, "आमच्या सरपंचावानी."

आमची पाचही युनिटं त्या क्रमांकांत बसत होती. दोन विमानांची बदलून झाली, विमानं उडायलाही लागली. टेबलावर होतं ते तिसऱ्या विमानातलं. आणि तिसऱ्या विमानाची गोष्ट वेगळी होती.

आदेश येण्याच्या चारेक दिवस आधी ते विमान भरकटलं होतं. कॅप्टन यशवंत दाणी, आमचे सगळ्यात अनुभवी प्रशिक्षक, आणि त्यांच्यासोबत तेजल ढोबळे नावाची नवी विद्यार्थिनी. सकाळचं लांबचं उड्डाण. वीज केंद्राच्या धुराड्यांपाशी वळून घरी यायचं होतं. ते वळले नाहीत. सरळ दक्षिणेला जात राहिले. शेवटी एका सिमेंट कारखान्याच्या खासगी धावपट्टीवर उतरले तेव्हा इंधनाचा काटा तळाला टेकायच्या बेतात होता. उतरल्यावर कॅप्टन दाणींनी फोन करून सांगितलं, "जीपीएस फिरलंय."

मग आदेश आला आणि सगळ्यांना हायसं वाटलं.

मला वाटलं नाही. दोषी म्हणून जाहीर झालेलं युनिट टेबलावर सलग दोन दिवस शहाण्यासारखं वागत होतं. मी ते उन्हात तापवलं, बर्फाच्या पेटीत गार केलं, वीज तोडून पुन्हा जोडली, अँटेनाची वायर मुद्दाम ढिली केली. दर वेळी ते थोडं गोंधळलं, तसं पडद्यावर सांगितलं आणि परत हँगरवर येऊन बसलं.

"सापडलं काही?"

कॅप्टन दाणी दारात उभे होते. उंच, सडपातळ, साठीच्या पुढचे. तरुणपणी कपाशीवर फवारणी करणारी विमानं चालवलेला माणूस. झाडांच्या शेंड्यांवरून विमान नेऊन विजेच्या तारांखालून काढायचे, असं लोक सांगत. मी नोकरीला लागले तेव्हा हँगरमध्ये बाई म्हणून मी एकटीच होते, आणि माझ्या सहीवर विमान उडवायला पहिल्या दिवशी तेच तयार झाले होते. "पोरीने मन लावून काम केलंय, मी बसतो," एवढंच म्हणाले होते. हे मी कधी विसरले नाही.

"नाही सर. चांगला चालतोय."

"परवाही हेच म्हणालीस."

"परवाही चांगलाच चालत होता."

ते टेबलाजवळ आले. पडद्याकडे बराच वेळ बघत राहिले. "पण कंपनीच म्हणते ना की खराब आहे?"

"कंपनी म्हणते खराब असू शकतो."

"मग त्या दिवशी असेल."

"असेलही."

"म्हणजे नक्की सांगता येणार नाही?"

"आतली मेमरी कंपनी तपासू शकते. मी नाही."

"मग पाठवून टाक की." ते दारापर्यंत गेले आणि परत फिरले. "की थांबतेस अजून एक दिवस? बघ. तुला काय वाटतं? खराब होता ना गं?"

मला त्यांच्या प्रश्नाचा रोखच कळेना. डबा लवकर गेलेला हवाय की थांबलेला हवाय? चौकशीची काळजी असेल तर त्यांना काळजीचं कारण नव्हतं. सगळे त्यांच्याच बाजूने होते.

ते गेल्यावर देवराव म्हणाले, "चवथ्यांदा आले सायेब. काल मी एकटा व्हतो तवा बी आल्ते. डब्ब्याकडं पाह्यत उभे. मी म्हटलं, सर, बायको रुसून बसली असं पाहून राह्यले तुमी."

"काय म्हणाले?"

"हासले. मंग म्हणले, देवराव, बायको रुसली त सांगते तरी."

दुपारी व्यवस्थापक घाटे यांचा फोन आला. ते नागपूरच्या ऑफिसात बसत.

"सुनेत्रा, अहवाल कुठाय? दिल्लीवाले विचारताहेत."

"तपासणी चालू आहे, सर."

"वाक्य तर एकच आहे. यंत्रातील दोषामुळे विमान मार्गावरून भरकटले. झालं."

"मला दोष सापडलेला नाही."

"अगं, आदेशात लिहिलंय ना दोष आहे!"

"आदेशात लिहिलंय की असू शकतो."

"मग? असू शकतो म्हणजे आहेच. नाहीतर कंपनी फुकट बदलून देईल का? हे बघ, यंत्राचा दोष नसेल तर मग दाणींचा. आणि चाळीस वर्षं विमान चालवणाऱ्या माणसाला धुराडं दिसलं नाही असं तू लिहिणार आहेस का? पुढच्या महिन्यापासून सगळी नवी बॅच मी त्यांच्याकडे देतोय. पोरं त्यांच्या नावावर येतात इथे."

मी म्हटलं, उद्या संध्याकाळपर्यंत देते.

खरं तर अडचण त्याच वाक्याची होती. ते वाक्य खोटं आहे असं मी म्हणू शकत नव्हते. खरं आहे असंही म्हणू शकत नव्हते. अधूनमधून येणारा दोष दोन दिवसांत आला नाही, यावरून तो कधीच आला नव्हता असं ठरत नाही. शास्त्र मला एवढंच सांगत होतं. पण मी ते वाक्य लिहिलं की कॅप्टन दाणी नव्या मुलांना घेऊन पुन्हा रोज उडणार होते, आणि यंत्र निर्दोष असेल तर त्या दिवशी झालं ते पुन्हा होणार होतं. दर वेळी वाटेत सिमेंटचा कारखाना येईलच असं नव्हतं.

तेजल कँटीनमध्ये सापडली. अचलपूरकडची, बोलघेवडी मुलगी. टेबलाभोवती चारपाच मुलं होती आणि ती कॅप्टन दाणींची नक्कल करत होती. मान थोडी कलती, आवाज खालच्या पट्टीत.

"'सांग बघू, आपण कुठे आहोत?'"

मुलं हसली. हा प्रश्न त्या शाळेत सगळ्यांना पाठ होता. कॅप्टन दाणींचा हरवण्याचा धडा. विद्यार्थ्याला न सांगता ते विमान भलतीकडे न्यायचे, दोनचार वळणं घ्यायचे आणि अचानक विचारायचे. मग विद्यार्थ्याने नकाशा, घड्याळ आणि खालची जमीन यांचा मेळ घालून जागा शोधायची. कुणी घाईने भलतंच गाव सांगितलं की ते म्हणायचे, "छान. उतर तिथे आणि मामाकडे जेवून ये."

मला पाहून तेजल गप्प झाली. मी तिला बाहेर बोलावलं.

"त्या दिवशी जीपीएसवर काय दिसत होतं? जागा एकाच ठिकाणी थांबली होती, की उडी मारत होती?"

"मी बघितलं नाही, मॅडम."

"कधीच नाही? एवढा वेळ?"

"सर म्हणाले ना, ते फिरलंय."

"हे उतरल्यावर म्हणाले. उडताना?"

तिने ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं. "मॅडम, मी नवीन आहे. सरांना चाळीस वर्षं झाली. मी काय बघणार त्यात?"

"पडदा तुझ्या समोर होता, तेजल."

"हो," ती म्हणाली. मग, "मला लेक्चर आहे," म्हणून निघून गेली.

मी आणखीच गोंधळले. समोर पडदा असताना शिकाऊ मुलगी तिकडे बघत नाही हे शक्य नव्हतं. मुलं उलट त्याच पडद्याला चिकटलेली असतात, प्रशिक्षक त्यावरूनच रागावतात. ती खोटं बोलत असावी असं वाटलं. पण जीपीएस चुकत होतं असं खोटं सांगणं तिला जास्त सोपं होतं. तेही ती सांगत नव्हती.

त्याच संध्याकाळी देवरावांनी आणि मी तिसऱ्या विमानात नवं युनिट बसवलं.

आमच्या शाळेत एक रीत होती. कुठलंही मोठं काम झालं की विमान मुलांना देण्याआधी चाचणी उड्डाण व्हायचं, आणि ज्याने काम करून सही केली त्याने त्या उड्डाणात वैमानिकाशेजारी बसायचं. ती रीत कॅप्टन दाणींनीच पाडली होती. "सही करणारा वर आला की सही सरळ येते," म्हणायचे.

सकाळी ते वेळेवर आले. पांढरा शर्ट, इस्त्री कडक. विमानाभोवती फेरी मारून त्यांनी सगळं हाताने चाचपलं. बिजागऱ्या, चाकं, प्रोपेलरची कड. तेजल आणि आणखी दोन मुलं एप्रनच्या, म्हणजे हँगरसमोर विमानं उभी करायच्या फरसबंदीच्या कडेला उभी होती. आमच्यानंतर त्याच विमानातून कॅप्टन तेजलला नेणार होते.

"काय निकिता, तयारी झाली?" ते तेजलला म्हणाले.

"हो सर," तेजल म्हणाली.

निकिता मागच्या वर्षीच शिकून गेली होती. तेजलने दुरुस्त केलं नाही, म्हणून मीही केलं नाही.

आम्ही बसलो. ते डावीकडे, मी उजवीकडे. कार्यक्रम सोपा होता. नदीवरचा पूल, तिथून उत्तरेला धरणाची भिंत, आणि परत. दोन्ही जागांचे अक्षांश-रेखांश मला माहीत होते. बरोबर वर आलं की पडद्यावरचे आकडे जुळतात का ते मी बघायचं.

"पूल आणि धरण," ते हेडसेटमधून म्हणाले. "झोपेतसुद्धा नेईन तुला."

उड्डाण झालं. खाली कपाशी वेचून झालेली शेतं, उभ्या पऱ्हाट्यांचे तपकिरी चौकोन, मधूनच पेटल्यासारखा पळस. पूल आला. मी आकडे पाहिले. जुळत होते, अगदी शेवटच्या आकड्यापर्यंत.

"पूल बरोबर, सर."

"शाब्बास."

आणि मग त्यांनी खिशातून चौकड्यांचा रुमाल काढला, झटकला, आणि जीपीएसच्या पडद्यावर टाकला. वरचं टोक पॅनेलच्या फटीत सराईतपणे खोचलं. त्या फटीच्या कडेचा रंग तेवढ्याच जागी झिजलेला होता. कापड खोचून खोचून झिजावा तसा.

मला काही कळेना. पडद्यावर ऊन येतंय म्हणून झाकला असेल का? पण झाकल्यावर वाचायचं कसं? आम्ही वर आलो होतो तेच मुळी तो पडदा वाचायला.

"सर, मला धरणापाशी आकडे बघायचेत."

"बघशील," ते म्हणाले. "आधी डोळ्यांनी बघायला शीक. यंत्र मेलं तर काय करशील?"

हे ते मुलांना सांगत. मला वाटलं चेष्टा करताहेत. मी वाट बघायचं ठरवलं. विमान हळूच एका बाजूला कललं आणि पुन्हा सरळ झालं. खाली एक तलाव गेला, एक जिनिंगची गिरणी गेली, तिच्या आवारात कापसाचे पांढरे ढीग. मी धरणाच्या पाण्याची चमक शोधत होते. ती यायला हवी होती. येत नव्हती.

"सांग बघू," ते म्हणाले, "आपण कुठे आहोत?"

मला हसू आलं. "सर, मी विद्यार्थी नाही."

"तरी सांग."

"धरणाच्या अलीकडे असू."

"नक्की?"

"नक्की नाही."

"मग नीट बघ ना."

आवाज चढलेला नव्हता. पण धडा शिकवणाऱ्या माणसाला उत्तर माहीत असतं, आणि ते लपवताना त्याच्या आवाजात किंचित मजा असते. कँटीनमधली तेजल तीच मजा काढून दाखवत होती. मी ज्या आवाजाला उत्तर देत होते त्यात ती मजा नव्हती. स्टँडवर आलेल्या गाडीची पाटी वाचता येत नाही म्हणून शेजारच्याला विचारतात, तसा तो आवाज होता.

मी नीट बघितलं. पुलापासून निघाल्यावर ऊन माझ्या गुडघ्यांवर पडलं होतं. सकाळची वेळ, उत्तरेचा रोख, म्हणजे पूर्व माझ्या उजव्या हाताला. आता माझे गुडघे सावलीत होते.

"सर, ऊन तुमच्या खांद्यावर आहे."

त्यांनी आपल्या खांद्याकडे पाहिलं. तिथे काही लागलंय असं कुणी सांगितल्यावर बघतात तसं. मग समोरच्या दिशादर्शकाकडे.

"हो. दक्षिण," ते म्हणाले. "बरोबर आहे ना? धुराड्यांकडेच चाललोय आपण."

"आपण धरणाकडे चाललो होतो."

त्यांच्या मांडीवर नकाशा होता, घडी घातलेला, वरची बाजू कुठल्या तरी तिसऱ्याच जिल्ह्याची. त्यांची पेन्सिल त्यावर टेकलेली होती, पण हलत नव्हती. इंजिनचा आवाज एकसारखा चालू होता.

मी हात पुढे करून रुमाल काढला. पडदा उजळलेलाच होता.

"पूल आपल्या मागे आहे," मी म्हटलं. "उलट वळून सरळ उत्तरेला. दहाएक मिनिटं."

ते वळले. ते वळण मला अजून आठवतं. उंचीचा काटा जागचा हलला नाही, अंगाला कलल्याचं जाणवलंसुद्धा नाही. हात पूर्वीचेच होते.

"धरणाची काही गरज नाही," मी म्हटलं. "पूल जुळला, पुरे. परत जाऊ या."

"दिशा सांगत राहा," ते म्हणाले.

मी सांगत राहिले. धावपट्टी दिसली तेव्हा मी गप्प झाले, आणि तिथून पुढे त्यांना माझी गरज लागलीच नाही. विमान त्यांनी असं टेकवलं की चाकं जमिनीला लागल्याचं आवाजावरूनच कळलं.

एप्रनवर आल्यावर त्यांनी इंजिन बंद केलं. प्रोपेलर थांबला. त्यांनी हेडसेट काढून मांडीवर ठेवला. रुमाल माझ्या हातात होता, तो कुठे ठेवावा मला सुचेना.

"तो डबा खराब होता ना गं?" त्यांनी पुन्हा विचारलं.

आता मला प्रश्न कळला. दोन दिवस मी यंत्राबद्दलचं उत्तर शोधत होते.

"सर, त्या दिवशी रुमाल टाकला होता का?"

"तेच आठवत नाही." ते समोरच्या काचेतून हँगरकडे बघत होते. "टाकला नसेल तर मी पडद्यावर बघून गेलो, आणि पडद्याने फसवलं. टाकला असेल तर मग... उतरल्यावर मी सगळ्यांना सांगितलं की जीपीएस फिरलं. खोटं नाही बोललो. मला तसंच वाटत होतं. मग आदेश आला, मला वाटलं, सुटलो. आणि तुझ्या टेबलावर बघतो तर ते आपलं निवांत."

"तेजलला विचारलंत?"

"कसं विचारू? विचारलं की तिला कळणार ना, मला आठवत नाही म्हणून."

मी रुमालाची घडी घातली.

"दिवाळीत लेकीकडे गेलो होतो नागपूरला," ते म्हणाले. "दुधाची पिशवी आणायला खाली उतरलो. परत जाताना बिल्डिंग सापडेना. एकाच गल्लीत तीन फेऱ्या. शेवटी जावई गॅलरीतून हाक मारतोय. म्हटलं, नवीन जागा आहे, होतं. तेव्हा ठरवलं होतं, संक्रांतीपर्यंत बघू. मग म्हटलं, मेडिकल होऊन जाऊ दे. डॉक्टरने डोळे बघितले, कान बघितले, छाती बघितली. म्हणाला, कॅप्टन, पंचविशीतला पोरगा आहात तुम्ही."

"घरी बोललात?"

"हिला वाटतं मी मुद्दाम विसरतो. भाजी आणायला लागू नये म्हणून." ते थोडं हसले.

बाहेरून पावलं आली. तेजल आणि देवराव विमानाकडे येत होते. देवरावांच्या हातात चाकाखाली लावायचे ठोकळे. कॅप्टन दाणींनी दार उघडलं, पण उतरले नाहीत.

"टेस्ट ओके काय, मॅडम?" देवरावांनी विचारलं.

"डबा ओके," मी म्हटलं.

तेजलच्या काखेत नकाशा होता. तिची नजर माझ्या हातातल्या रुमालावर पडली आणि तिथेच थांबली.

"तेजल," कॅप्टन दाणी म्हणाले. या वेळी नाव बरोबर घेतलं. "त्या दिवशी हा टाकला होता का मी?"

तिने माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली नाही, काही खूण केली नाही. करावी असं मला वाटलं होतं का, तेही आता सांगता येत नाही.

"हो सर."

"कधी?"

"निघाल्यावर लगेच."

"आणि काढला कधी?"

"कारखान्याची धावपट्टी दिसल्यावर. मी काढला."

देवराव ठोकळे लावायला वाकले होते, ते तसेच राहिले.

"मी विचारलं होतं का, आपण कुठे आहोत म्हणून?"

"हो सर. मला वाटलं, धडा चालू आहे. हरवण्याचा."

"आणि तू काय सांगितलंस?"

तेजलचा आवाज बारीक झाला. "मी सांगितलं की धुराडी मागे गेली. तुम्ही म्हणालात, पुन्हा बघ. मग मी पुन्हा बघून तेच सांगितलं. तुम्ही म्हणालात, नीट बघ. मग मला वाटलं, माझंच चुकतंय. धडा अवघड केलाय तुम्ही. म्हणून मी दुसरंच एक गाव सांगितलं, आणि तुम्ही म्हणालात, शाब्बास."

हँगरच्या पत्र्यावर कबुतरं चालत होती, त्यांच्या नखांचा आवाज येत होता.

"पहिलं उत्तर बरोबर होतं तुझं," कॅप्टन दाणी म्हणाले.

"सर, मी कुणाला सांगितलेलं नाही. सांगणारही नाही. मागच्या बॅचची मुलंसुद्धा म्हणतात, सरांबरोबर गेलं की धुराडं, तलाव, सगळं मोठ्याने बोलत राहायचं. सरांना आवडतं. मला ते नंतर कळलं. मी आता बोलत राहीन, सर."

ते तिच्याकडे बघत राहिले. हे त्यांनाही नवीन होतं, असं मला वाटतं. मुलं मोठ्याने रस्ता म्हणत राहतात ती आपल्याला खूश करायला, असंच त्यांनी धरलं असणार. आणि मुलांनीही तसंच धरलं होतं. कितीतरी महिने त्यांचं विमान त्या पाठांतरावर घरी येत होतं आणि कुणालाच ते माहीत नव्हतं.

ते सावकाश उतरले. उतरताना पंखाच्या दांडीला हात लावला, आधारासाठी नव्हे, सवयीने. देवरावांनी बाजूला होऊन वाट दिली.

"सर, पाणी देऊ काय?" देवरावांनी विचारलं.

"नको."

"मंग चहा?"

"देवराव, तू आधी तो ठोकळा लाव. विमान घरंगळलं तर म्हणशील, हेही म्हाताऱ्याने केलं."

देवराव हसले नाहीत. त्यांनी ठोकळा लावला.

माझा फोन खिशात वाजायला लागला. घाटे. मी तो बंद करणार होते.

"घे," कॅप्टन दाणी म्हणाले. "अहवाल मागत असेल."

"मी नंतर बोलते, सर. संध्याकाळपर्यंत वेळ आहे."

"संध्याकाळपर्यंत मी पुन्हा काहीतरी कारण काढीन." त्यांनी हात पुढे केला. "दे इकडे."

मी फोन दिला. त्यांनी तो कानाला लावला, आणि नेहमी रेडिओवर बोलण्याआधी थांबत तसे क्षणभर थांबले.

"घाटे, दाणी बोलतोय. सुनेत्राच्या टेबलावरचा डबा चांगला आहे. भरकटलो तो मी." पलीकडून घाटे काहीतरी भराभर बोलत होते. त्यांनी ते शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग तेजलकडे बघत, आम्हा तिघांनाही ऐकू जाईल अशा आवाजात ते म्हणाले, "नाही, पुढच्या महिन्यापासून नाही. आजपासून. मी आता विमान उडवणार नाही."